त्याच लाकडाचा भुसा

नवऱ्याने गोष्ट सांगून संपवली आणि ती हसली नाही. तसं पाहिलं तर यात काहीच झालं नव्हतं. कप फुटला नव्हता, भांडण झालं नव्हतं, कुणाचा वाईट फोन आला नव्हता. रोजची संध्याकाळ, ती बेसिनपाशी कप विसळत उभी आणि तो दुकानातून दिवसभराचा माल गोळा करून स्वयंपाकघराच्या दारात हजर. त्याचं फोटो फ्रेम करून देण्याचं दुकान होतं, आणि अशा दुकानात माणसं फोटोबरोबर आपला स्वभावही घेऊन येतात असं तो म्हणायचा. आज एक गृहस्थ स्वतःचाच फोटो घेऊन आले होते. अंगाने भरपूर. काउंटरवर वाकून, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून म्हणाले होते, "उभी फ्रेम लावा हो. आडवीत मी पसरतो." हे सांगताना नवऱ्याने गाल फुगवले, पोट पुढे काढलं, चहाचा ट्रे छातीशी आडवा धरला, मग तो उभा केला आणि त्याच्यामागे श्वास ओढून बारीक झाला. तिला सगळं ऐकू आलं होतं. हे गमतीचं आहे हे कळत होतं, नेमकं कुठे हसायचं तेही कळत होतं. ती हसू यायची वाट बघत राहिली. आतून काही वर आलंच नाही. त्याला वाटलं नळाच्या आवाजात गेलं, म्हणून त्याने पुढे होऊन नळ बंद केला आणि गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगितली, गाल-पोट-ट्रे सगळ्यासकट. या वेळी ती हसली. तोंडाने हसली, खांदे हलवले, "काय बाई माणसं असतात" असंही म्हणाली. इतकं बेमालूम जमलं की तो खूश होऊन हातपाय धुवायला गेला, आणि ती ओला कप हातात धरून तशीच उभी राहिली. तिला भीती वाटली.

कारण या माणसाशी तिने लग्न केलं होतं ते हसता हसताच. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, नंबर काढते. नवी होती तेव्हा मालकांनी तिला अक्षरांचा तक्ता फ्रेम करून आणायला पाठवलं. दोन दिवसांनी हा स्वतःच फ्रेम घेऊन आला, खुर्चीवर चढून भिंतीवर टांगली, खाली उतरला, लांब जाऊन उभा राहिला आणि एक डोळा झाकून गंभीरपणे म्हणाला, "मला सगळं स्पष्ट दिसतंय." तक्ता उलटा होता. मोठं अक्षर सगळ्यांत खाली, डोक्यावर उभं. ती अशी हसली की मालक आतून धावत आले, आणि खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावरची तपासणीची जड चौकट घसरून मांडीत पडली. तिचं हसणं चारचौघांत शोभणारं नव्हतंच कधी. मध्येच घोरल्यासारखा आवाज यायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, शेजारच्याचा हात धरावा लागायचा. तिच्या आईने या हसण्यापायी हात टेकले होते. हा मात्र म्हणाला, "या मापाची फ्रेम माझ्याकडे नाही." पुढे संसार झाला, केस पिकले, दोघांच्या दोन खोल्यांत सामान वाढलं, पण रोज संध्याकाळी त्याने काहीतरी आणायचं आणि तिने हसायचं हे काही सुटलं नाही. तेच त्यांचं देवाणघेवाणीचं नाणं होतं म्हणा ना. आणि आता ती खोटं नाणं चालवायला लागली होती.

आजच नाही, हे तिला कप पुसताना कबूल करावं लागलं. किती तरी महिने झाले असतील. अंगात कायम गारठा, बाकीचे बाह्या दुमडून बसत तेव्हा हिच्या अंगात स्वेटर. न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा पुंजका. सकाळी आरशात पापण्या सुजलेल्या, जणू रात्रभर कुणासाठी तरी रडली होती आणि कुणासाठी ते विसरली. चार पायऱ्या चढणंही जिवावर यायचं. पण हे सगळं चाललं असतं. वय झालं म्हटलं की झालं. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत असते. "हे स्पष्ट, की आधीचं? हे? की हे?" माणसं गोंधळतात, रागावतात, दोन्ही सारखंच म्हणतात, आणि ती पुन्हा पहिली काच लावते. आता घरी आलं की समोर नवरा दिसायचा तो कुठल्यातरी चुकीच्या काचेतून. दिसायचा सगळा. चहा तो करायचा, झोपेत तिचे पाय उघडे पडले तर पांघरायचा, फोनवर बोलताना ती दमली असेल तर मध्येच हाक मारून तिची सुटका करायचा. चांगला माणूस आहे हे तिला माहीत होतं, पण ते नुसतं माहीत होतं, आपला पत्ता माहीत असावा तसं. पूर्वी त्याच्या किल्लीचा आवाज आला की ती हातातलं काम सोडून दाराशी जायची. आता आवाज यायचा, आणि तो आला आहे एवढंच कळायचं.

तिची एक मावशी होती. लहानपणी सुट्टीत ती मावशीकडे राहायला जायची. काका तऱ्हेवाईक नव्हते, पीत नव्हते, ओरडत नव्हते. मावशी त्यांच्यापुढे चहा ठेवायची, बशीत दोन बिस्किटं ठेवायची, त्यांनी काही म्हटलं की हसायची. त्या वयात तिला एवढंच कळायचं की मावशीचं हसू ओठांवर येऊन थांबतं, डोळ्यांपर्यंत जात नाही. खूप वर्षांनी, काका गेल्यानंतर, मावशी शिळ्या बातम्या सांगाव्यात तशा आवाजात म्हणाली होती, "एक दिवस मला ते दिसेनासे झाले बघ. समोर बसलेले असायचे, पण दिसायचे नाहीत. मग मी आपली चहा ठेवत गेले." तेव्हा तिला मावशीचा राग आला होता. असं कसं होईल? प्रेम काय चष्मा आहे, कुठेतरी ठेवून विसरायला? आता बेसिनवरच्या छोट्या आरशात तिने स्वतःचं मघाचं हसू पुन्हा करून पाहिलं. तंतोतंत मावशी.

अशा मनःस्थितीत असताना तिच्या दुकानातल्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका येऊन बसल्या. बाई बोलघेवड्या होत्या. अक्षरं वाचता वाचता मध्येच आपलं आयुष्य वाचून दाखवायच्या. "खालची ओळ काही दिसत नाही गं. तशी मागच्या वर्षी तर मला वरचीही दिसत नव्हती, म्हणजे दिसायची, पण वाचावीशी वाटायची नाही. कशातच मन नाही. नातवंडं आली तर वाटायचं, जातील कधी! मला वाटलं झालं, आता मी खाष्ट म्हातारी झाले. आणि निघालं काय? थायरॉइड! घरीच बोटातून रक्त काढून पाठवलं, मग डॉक्टरांकडे गेले. सकाळी उपाशीपोटी एक गोळी. आता नातवंडं जायला निघाली की मीच रडते." ती काच बदलायची विसरली. "हे स्पष्ट की आधीचं?" हे बाईंनीच तिला विचारलं आणि दोघींनी तो विषय तिथेच सोडला. पण संध्याकाळी घरी जाताना तिचा हात पुन्हा पुन्हा गळ्याकडे जात होता. तिथे कंठमण्याच्या खाली एवढीशी ग्रंथी असते, इतकी वर्षं आपण तिच्यावरून मफलर गुंडाळत आलो आणि कधी तिची विचारपूस केली नाही. ती थकली असेल तर? सगळा दोष तिचा असेल तर? रक्त सांगेल बिघाड आहे, म्हणजे मग मी मावशी नाही. आणि रक्ताने सांगितलं सगळं ठीक आहे, तर? तर मग मीच. मग बिस्किटं मांडत राहायची. हे तिने इतकं स्वच्छ स्वतःशी बोलून टाकलं की भर रस्त्यात थांबून तिला एका दुकानाच्या पायरीवर टेकावं लागलं.

घरच्या घरी रक्त काढून पाठवायचा तसला डबा तिने मागवला, तो घरपोच आला. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, "थकवा वाटतो ना, म्हणून बघून घेते." तो म्हणाला, "चांगलं आहे," आणि डब्याचा ताबा घेतला. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने स्वच्छ टॉवेल अंथरला, कामाला बसताना दुकानात कापड अंथरतो तसा. एकदाच टोचून आत जाणाऱ्या तीन सुया, कापूस, इवलीशी नळी, आणि नळीवर एक रेघ. रेघेपर्यंत रक्त हवं. तो विमानतळावरच्या आवाजात सूचना वाचत होता, "प्रवाशांनी हात कोमट पाण्यात धरावा. हात खाली लोंबता ठेवावा. पहिला थेंब पुसून टाकावा." ती खोटी हसली. सुई टोचली, टचकन लागलं, आणि रक्त काही येईना. तिची बोटं थंडगार. त्याने ती आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळली, फुंकर घातली, पुन्हा पाण्यात धरली, दुसऱ्या बोटाला दुसरी सुई टोचली. एक थेंब बोटाच्या टोकाशी येऊन तिथेच विचार करत बसला. मग नळीत गेला. मग आणखी एक. लहानपणापासून रक्त पाहिलं की तिचे हातपाय गळतात. तिच्या कपाळावर घाम आला, कानांत शिट्टी वाजली. "मान मागे टाक," तो म्हणाला. "डोळे मीट. बघू नकोस. मी आहे ना?" तिने डोळे मिटले. तो बराच वेळ तिचं बोट दाबत, चेपत होता. मग बोटावर कापूस ठेवून म्हणाला, "घट्ट धर," आणि खुर्ची फिरवून टेबलाकडे वळला. त्याची पाठ तिला अर्ध्या उघड्या डोळ्यांनी दिसत होती. झाकण लावत असेल. बराच वेळ लावत होता. शेवटी टक् असा आवाज आला. "झालं," तो म्हणाला. "अगदी रेघेपर्यंत." त्याच्या बोटाला पट्टी होती. पण त्याच्या कुठल्या ना कुठल्या बोटाला पट्टी कायमच असते. काचेशी संसार करणारा माणूस तो.

निकालाची वाट बघण्याच्या त्या दिवसांत ती दुपारी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागली. चोरून त्याच्याकडे बघायची. आपल्याला हा दिसतो का, हे तपासून पाहायची. तो पट्ट्या तिरप्या कापायचा, चार कोपरे जुळवायचा, डोळा बारीक करून बघायचा. कधी कोपऱ्यात केसाएवढी फट राहायची. मग तो खाली सांडलेला भुसा चिमटीत घ्यायचा, डिंकात कालवायचा आणि बोटाने फटीत भरायचा. वाळलं की घासून एकजीव. शोधूनही सापडायची नाही. "भुसा मात्र त्याच लाकडाचा हवा," तो तिला म्हणाला होता, पूर्वी कधीतरी आणि आत्ताही. "दुसऱ्याचा घातला की रंग वेगळा पडतो, गिऱ्हाईक फसत नाही." तिने मान हलवली. त्याचे कानांवरचे केस, भुशाने पांढरे झालेले. एकेकाळी तिने ते झटकले असते. आता झटकावेत असं तिला वाटलं नाही, झटकायला हवेत असं वाटलं, आणि या दोहोंतला फरक कळून तिने हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

निकाल फोनवर आला तेव्हा दोघं घरीच होती. आकडे हिरव्या पट्ट्यात. सगळं मर्यादेत. नवऱ्याने टाळी वाजवली. "पास! बाईसाहेब पास!" तो खाली जाऊन केक घेऊन आला, सुरी आणली, बशा मांडल्या. ती बशांकडे बघत राहिली. तर मग मीच, असं तिच्या मनात आलं, आणि त्यावर पुढचं काही आलंच नाही. सगळं तिला एकदम दिसलं: ही टेबलाची दोन टोकं, हा केक, पुढची सगळी वर्षं, हा माणूस काही ना काही घेऊन येतोय आणि ती वेळच्या वेळी खांदे हलवतेय. तो बिचारा कधी ओळखणार नाही, इतकं ते तिला छान जमेल. त्याची तिला इतकी कणव आली की ती उठून त्याच्याजवळ जाणार होती. तेवढ्यात तो केक कापता कापता म्हणाला, "बरंच झालं की गं. एका फटक्यात दोघांचंही तपासून झालं."

"दोघांचं म्हणजे?"

सुरी थांबली. "म्हणजे असंच."

"असंच म्हणजे काय? दोघांचं कसं?"

तो सुरीकडे बघायला लागला. "थोडं कमी पडत होतं," तो म्हणाला. "रेघेपर्यंत येईना. तू पांढरीफटक पडलेलीस, आणखी किती टोचायचं तुला? एक सुई उरली होती. म्हटलं, फट आहे, भरून टाकू."

"कशाने भरलीस?"

त्याने पट्टी लावलेलं बोट वर केलं. वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखं. "आपला रक्तगट एकच आहे ना! मग काय बिघडतं?"

तिला वाटलं आपण काही ऐकलंच नाही. मग ऐकलं. पायांच्या तळव्यांपासून काहीतरी चढत आलं, पोटातून, छातीतून, त्या गळ्यातून, आणि ती ओरडली. "अरे, अक्कल आहे का तुला? रक्त म्हणजे काय तुझा भुसा आहे? मी इथे जीव मुठीत धरून बसलेय, आठ-आठ दिवस मला घास गोड लागत नाही, आणि तू माझ्या नळीत स्वतःचं रक्त ओततोस? फट भरतोस? किती होतं त्यात माझं? खरं सांग, किती?"

"तळाशी होतं की," तो म्हणाला.

तिने खुर्चीतली उशी उचलून त्याला मारली. मग दुसरी मारली. केकची बशी सरकली. तो हात डोक्यावर घेऊन वाकला होता, आणि हाताखालून तिला दिसलं की त्याचा चेहरा फुललाय. "हसतोस काय?" ती आणखी ओरडली.

"किती महिन्यांनी ओरडलीस गं," तो म्हणाला. "मला वाटलं, आता कधी ओरडणारच नाहीस."

ती उशी हातात धरून उभी राहिली. म्हणजे याला दिसत होतं. इतके दिवस आपल्याला तो दिसतो का हे ती तपासत होती, आणि ती त्याला अख्खी दिसत होती. तिला रडू फुटलं, ते केक वाळून जाईपर्यंत थांबलं नाही.

दुसरा डबा मागवला. या वेळी त्याला दारात उभं केलं, हात पाठीमागे. "हलायचं नाही," ती म्हणाली. गरम पाण्याची पिशवी तिने आधीपासून मांडीवर धरली होती. बोट तिनेच टोचलं. घाम आला, शिट्टी वाजली, डोळे तिने मिटले नाहीत. तो तिकडून नुसत्या मानेने थेंब खाली ढकलत होता. रेघेपर्यंत यायला फार वेळ लागला, पण एकेक करून ते आले, सगळे तिचे.

निकाल आला तेव्हा ती कामावर होती. तिने फोन उघडला नाही. गिऱ्हाइकाचा नंबर काढून दिला, मालकांना सांगितलं आणि थेट त्याच्या दुकानात गेली. फोन त्याच्यापुढे काउंटरवर ठेवला. "तू वाच. माझ्याच्याने होत नाही."

तो वाचू लागला आणि त्याचा रंग उडाला. ओठ हलले. "लाल आहे," तो म्हणाला. "हा आकडा खूपच वर गेलाय गं. ग्रंथी मंदावल्यासारखी दिसते, डॉक्टरांना दाखवा, असं लिहिलंय." त्याने दुकानाची किल्ली उचलली. "आपण आत्ताच जाऊ. दुकान बंद करतो. मी काय मूर्खपणा करून ठेवला होता, सगळं झाकलंच गेलं असतं." आणि त्याने वर पाहिलं तर ती काउंटरला धरून उभी, डोळ्यांतून पाणी, आणि चेहरा असा मोकळा की त्याला काही उमगेना.

"अगं, वाईट आहे ते," तो हळूच म्हणाला, ऐकू आलं नसेल म्हणून.

"वाईटच हवं होतं मला," ती म्हणाली. मग तिने सांगितलं. मावशीचं, किल्लीच्या आवाजाचं, ट्रेच्या गोष्टीचं, खोट्या हसण्याचं. सांगायला सोपं गेलं नाही. मध्ये एक बाई फोटो न्यायला आली, ती जाईपर्यंत थांबून पुढचं सांगावं लागलं. "मला वाटलं, मला तुझा कंटाळा आला. वाटलं, माझं प्रेम संपलं आणि मला कळलंही नाही."

तो खाली बघत भुशातून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "मला वाटलं, माझ्या गोष्टी शिळ्या झाल्या."

"काय?"

"तू हसायचीस ना, ते कळायचं मला. तो घोरल्यासारखा आवाज नसायचा त्यात. म्हटलं, आपलंच चुकतंय. त्या जाड्या गृहस्थांची गोष्ट मी इथे आरशासमोर तीनदा करून पाहिली होती, घरी यायच्या आधी."

तिच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं: बंद दुकान, रिकाम्या फ्रेमा, आणि हा माणूस एकटाच आरशासमोर गाल फुगवतोय, पोट पुढे काढतोय, तिच्यासाठी. तिने हात पुढे केला आणि त्याच्या कानावरचा भुसा झटकला. हात थंडच होता. तो दचकला, पण बाजूला झाला नाही.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"आत्ता? डॉक्टर?"

"जाऊ. आधी सांग. मला हसू येणार नाही कदाचित. गोळी लागू पडेपर्यंत येणार नाही."

"मग?"

"मग न हसता ऐकते."

त्याने भिंतीला टेकवलेली एक रिकामी फ्रेम उचलली. क्षणभर थांबला, हे जमेल का असं वाटून. मग गाल फुगवले, पोट पुढे काढलं, फ्रेम आडवी धरली आणि पसरला. फ्रेम उभी केली, श्वास ओढला आणि बारीक झाला. ती काउंटरवर कोपर टेकून, स्वेटरच्या बाह्यांत हात घालून बघत होती. हसू आलं नाही. तिने खांदे हलवले नाहीत, ओठ ताणले नाहीत. फ्रेमच्या आत लाल झालेला, श्वास कोंडून उभा असलेला तो तिला स्पष्ट दिसत होता, आणि तो श्वास सोडेपर्यंत ती नुसती बघत राहिली.